यंत्राशेजारीं बसलेली आई

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या, आणि पहिली ते चौथीच्या बहुतेक वर्गांचीं दारें पुन्हा उघडण्यास डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. मधल्या काळांत शाळा मोबाइलच्या पडद्यांतून घरांत शिरली. असें पूर्वीं कधीं घडलेंच नव्हतें, असें तेव्हां जो तो म्हणत असे. साथीच्या विस्ताराकडे पाहतां तें खरेंही असेल. पण शिकविणारा एकीकडे, शिकणारें मूल दुसरीकडे, आणि मध्यें एखादें यंत्र किंवा टपालाचें पाकीट, हा प्रयोग सव्वाशें वर्षांहून अधिक जुना आहे. त्याचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगण्यांत येतो: आधीं टपाल, मग रेडिओ, मग उपग्रह, मग इंटरनेट. आम्हांस त्या कथेंत आरंभापासून दुसरेंच एक पात्र दिसतें. सहासात वर्षांचें मूल आपण होऊन यंत्रापुढें फार वेळ बसत नाहीं. त्याला कोणीं तरी बसवावें लागतें, त्याचें बोट पाटीवर फिरवावें लागतें, ‘बाई काय म्हणाल्या’ तें पुन्हा सांगावें लागतें. हें कोणी तरी म्हणजे बहुतेक ठिकाणीं आई. इतिहासकारांनीं यंत्राचें नांव नोंदविलें; हिचें क्वचितच.

तिचें महत्त्व ज्यांनीं लवकर ओळखलें त्यांत इंग्लंडांतील शार्लट मेसन (१८४२-१९२३) ह्या विदुषीचें नांव घ्यावयास हवें. १८८७ सालीं ब्रॅडफर्ड येथें पालकांची एक शिक्षणसंस्था तिच्या पुढाकारानें उभी राहिली आणि १८९१ पासून तिची टपालानें चालणारी शाळा सुरू झाली. दर सत्रास घरीं एक कार्यक्रमपत्रिका येई. कोणतें पुस्तक, कोणतीं पानें, हें सारें तींत असे, आणि सत्राअखेर प्रश्नपत्रिका येई. बाईंची मुख्य युक्ति साधी होती. उतारा एकदांच वाचून दाखवावा आणि मुलानें तो आपल्या शब्दांत परत सांगावा. आजीची गोष्ट रात्रीं ऐकून सकाळीं ती धाकट्या भावंडास तिखटमीठ लावून सांगणारा नातू ज्यांच्या घरीं आहे, त्या वाचकांस ह्यांत विशेष नवल वाटणार नाहीं. तथापि मेसनबाईंचें शहाणपण युक्तीपेक्षां क्रमांत होतें: मुलास शिकवावयाचें तर आधीं आईस शिकविलें पाहिजे. अर्थात् ही सारी सोय पुस्तकें विकत घेण्याची ऐपत आणि घरकामास दुसरे हात असलेल्या कुटुंबांची. हा ‘अर्थात्’ पुढेंही आपली पाठ सोडीत नाहीं.

१९३७ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील शिकागो शहरीं पोलिओची साथ पसरली. त्या रोगावर त्या वेळीं लस नव्हती आणि त्याचा घाला मुख्यतः मुलांवर. उन्हाळ्याची सुटी संपली तरी शाळा उघडूं नयेत असें ठरलें. तेव्हां शिक्षणाधिकारी विल्यम जॉन्सन ह्यांनीं शहरांतील रेडिओ-केंद्रांची मदत घेतली व तिसरी ते आठवीच्या सुमारें सवातीन लाख मुलांसाठीं पंधरा पंधरा मिनिटांचे पाठ ध्वनिक्षेपित होऊं लागले. कोणत्या केंद्रावर, किती वाजतां, कोणत्या इयत्तेचा पाठ आहे, हें रोज सकाळीं वर्तमानपत्रांत छापून येई, आणि सोबत सोडवावयाचे प्रश्नही असत. एका दिवशीं समाजशास्त्र व विज्ञान, दुसऱ्या दिवशीं इंग्रजी व गणित, असा क्रम होता. तीन आठवडे पुरे होण्याच्या आंतच शाळा उघडल्या व प्रयोग संपला.

ह्या प्रयोगाचें कौतुक आज पुष्कळ होतें, आणि तें योग्यच आहे. आमचें लक्ष मात्र त्यांतील दोन बारीक गोष्टींनीं वेधून घेतलें. पालकांच्या शंकांसाठीं शिक्षणखात्यानें दूरध्वनीवर सोळा शिक्षक बसविले होते. पहिल्याच दिवशीं हजारांहून अधिक हांका आल्या आणि आणखी पांच शिक्षक घ्यावे लागले. म्हणजे पाठ चालले होते मुलांसाठीं, पण अडत होतीं त्यांची वडील माणसें! दुसरी गोष्ट ह्याहून बोलकी आहे. पाठ तिसरीपासून होते. पहिली-दुसरीच्या मुलांना त्या वेळापत्रकांत जागाच नव्हती. ज्यास अद्याप वाचतां येत नाहीं, त्यास छापील प्रश्नांचा काय उपयोग? आणि चेहरा नसलेला आवाज त्यानें किती वेळ ऐकावा? त्यांचें काय करावें हा प्रश्न शिकागोनें सोडविला नाहीं, बाजूस ठेवला. आणि तीनच आठवड्यांचा मामला असल्यानें तो बाजूस ठेवतां आला. ज्यांच्या घरीं रेडिओ नव्हता, किंवा असून आवाज धड येत नव्हता, त्यांची गोष्ट निराळीच.

जेथें प्रश्न तीन आठवड्यांचा नसून साऱ्या बाळपणाचा होता, तेथें तो बाजूस ठेवणें शक्य नव्हतें. मध्य ऑस्ट्रेलियांत गुरांचे मळे इतके विस्तीर्ण कीं, शेजारचें घर शंभर मैलांवर असलें तरी त्याला शेजारच म्हणावें! तेथील मुलें टपालानें येणाऱ्या पाठांवर शिकत. पाठाचे कागद येण्यास आणि तपासून परत मिळण्यास आठवडे लागत. तोंवर मूल तो पाठ विसरूनही गेलेलें असे. ह्याच ओसाड प्रदेशांत जॉन फ्लिन ह्या पाद्र्यानें १९२८ सालीं विमानानें वैद्य पाठविण्याची योजना आरंभिली, आणि अल्फ्रेड ट्रेगर ह्या तंत्रज्ञानें तिच्यासाठीं पायानें चालणारा बिनतारी संच तयार केला. पायटें मारीत माणसानें संदेश पाठवावा, अशी ती रचना होती. आजारपणासाठीं घरोघर आलेल्या ह्या बिनतारी संदेशव्यवस्थेवरून शाळा कां भरवूं नये, ही कल्पना अॅडलेड मीथ्के ह्या बाईंना सुचली. खेड्यांतलीं हीं मुलें परक्या माणसापुढें किती बुजतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. ८ जून १९५१ रोजीं अॅलिस स्प्रिंग्ज येथें ‘आकाशशाळा’ रीतसर सुरू झाली.

येथें एक बारकावा ध्यानांत ठेवावा. ह्या शाळेनें टपालाचे पाठ बंद केले नाहींत. ते तसेच येत राहिले आणि ते करून घेण्याचें काम घरींच राहिलें. बिनतारी शाळेनें आठवड्यांतून थोडा वेळ मुलांना शिक्षिकेचा आवाज दिला, आणि पुढें बोलणें दोन्ही बाजूंनीं होऊं लागल्यावर इतर मुलांचेही आवाज दिले. शेंकडों मैलांवर आपल्याच वयाचें कोणी तरी तेंच गणित करीत आहे आणि आपल्यासारखेंच चुकत आहे, हें कळणें लहान वयांत केवढें मोठें असतें! म्हणजे यंत्रानें सोबत पुरविली. अक्षरओळख मात्र स्वयंपाकघराच्या मेजावर झाली. ज्यांना परवडे ते घरीं शिक्षिका ठेवीत; इतर ठिकाणीं आईच शिक्षिका. भाकरी भाजणें, हिशेब, आजारी माणूस, आणि त्यांतच तिसरीचा मोठा व पहिलीची धाकटी अशा दोन इयत्ता. अॅलिस स्प्रिंग्जच्या शाळेचा पसारा तेरा लक्ष चौरस किलोमीटरांचा सांगतात. त्या पसाऱ्याचा भार अशा मेजांवर उभा होता.

ह्या बायकांनीं तो मुकाट्यानें सोसला असें मात्र नाहीं. १९७१ सालीं न्यू साउथ वेल्समधील बर्क ह्या गांवीं एकाकी मुलांच्या पालकांची एक संघटना स्थापन झाली. अवर्षण पडलेलें, लोंकरीचे भाव उतरलेले. घरीं शिक्षिका ठेवणें किंवा मुलास वसतिगृहांत धाडणें दोन्ही अशक्य झालेलें. दोन वर्षांच्या आंत तेथील सरकारनें अशा मुलांसाठीं भत्ता सुरू केला. घरीं बसून शिकविणाऱ्या पालकाचें काम हें काम आहे व त्याचाही मोबदला असावा, ही मागणी त्या संघटनेनें पुढें अनेक वर्षें लावून धरली. घरांतल्या शिकविण्यास ‘काम’ हा शब्द लावण्याचें धाडस त्या मळेकऱ्यांनीं केलें, हें आम्हांस बिनतारी संचाइतकेंच महत्त्वाचें वाटतें.

आतां आपल्या घरीं येऊं. जुलै २०२० मध्यें केंद्र सरकारनें ‘प्रज्ञाता’ नांवाच्या सूचना काढल्या. त्यांत बालवर्गांसाठीं दिवसास फार तर अर्धा तास सांगितला होता, आणि तोही मुलांसाठीं नव्हे, पालकांशीं बोलून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठीं. मेसनबाईंचें तत्त्व सव्वाशें वर्षांनीं सरकारी कागदावर आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. त्याच महिन्यांत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यांतही पाठ वर्गांत न भरतां घर व परिसर ह्यांत वडीलधाऱ्यांसह भरत. दोन्ही योजनांनीं एक गृहीत धरलें होतें: मुलाशेजारीं कोणी तरी बसलेलें आहे.

तें कोठें होतें आणि कोठें नव्हतें, ह्याचा अंदाज ग्रामीण भागांतील ‘असर’ पाहणीवरून येतो. २०२० च्या पाहणींत, आईबाप दोघेही निदान नववीपर्यंत शिकलेले होते त्या घरांत सुमारें नव्वद टक्के मुलांना अभ्यासांत घरच्यांची मदत मिळत होती. जेथें दोघेही पांचवीपुढें गेले नव्हते, तेथें सुमारें पंचावन्न टक्के मुलांना. हा दुसरा आंकडा आम्हांस लाजिरवाणा वाटत नाहीं, उलट थक्क करतो. जेमतेम अक्षरें ओळखणाऱ्या, दिवसभर शेतांत राबणाऱ्या निम्म्याहून अधिक घरांनीं मुलाला कांहीं ना कांहीं मदत केली. तिचा हिशेब कोणत्या सरकारी कागदावर आहे?

मात्र कौतुकानें उणीव भरून निघत नाहीं. जून २०२० मध्यें पहिलींत नांव घातलेल्या मुलाचा विचार करावा. त्यानें पहिली सगळी घरीं काढली, दुसरीचीही निम्मी. बाकावर बसण्याचा पहिला प्रसंग दुसरीच्या मध्यावर आला. तींच मुलें २०२२ मध्यें तिसरींत होतीं, आणि त्या वर्षीच्या देशव्यापी ‘असर’ पाहणींत दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं तिसरीचीं मुलें २०.५ टक्के निघालीं. चार वर्षांपूर्वीं हें प्रमाण २७.३ होतें. शिकागोनें ज्यांना वेळापत्रकांतून वगळलें, तेंच हें वय.

ह्या सर्वांत आम्हांस वारंवार आठवतात त्या ताराबाई मोडक. १९४५ सालीं त्या तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें गेल्या. वस्तीवरचीं गरीब मुलें बालवाडींत येईनात. तेव्हां बाईंनीं हट्ट सोडला आणि बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणांत नेली. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगांतला. २०२० च्या पावसाळ्यांतही कित्येक गांवांत असेंच घडलें. मोबाइलची रेंज नाहीं, असली तर फोन बापाबरोबर कामावर गेलेला. म्हणून शिक्षक दुचाकीवरून वस्तीवर जात, पांचसहा मुलें ओट्यावर किंवा देवळांत अंतरानें बसवीत, आणि पुढच्या आठवड्याचा अभ्यास घरांतल्या मोठ्या बहिणीला समजावून सांगून दुसऱ्या वस्तीकडे निघत.