युनिव्हर्सल रिमोट : कोड जुळवणी

निरनिराळ्या कंपन्यांचे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एसी यांच्या आज्ञांचे संच युनिव्हर्सल रिमोटमध्ये आधीच भरलेले असतात. प्रत्येक संचाला बहुधा तीन किंवा चार आकडी कोड असतो. समोरच्या उपकरणाला लागू पडणारा कोड शोधून कायम करणे म्हणजे कोड जुळवणी. मूळ रिमोटकडूनच आज्ञा शिकून घेणारा प्रकार निराळा. स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या सीएल ९ कंपनीचा ‘कोर’ (१९८७) त्या प्रकारातला.

बहुतेक रिमोट अवरक्त किरणांच्या उघडझापेने संदेश पाठवतात. एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा सलग झोत, मग ४.५ मिलिसेकंदांचा खंड आणि त्यानंतर ३२ बिट येतात. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत १४ बिट असतात व त्यांची वाहक वारंवारता ३६ किलोहर्ट्झ असते. सोनीची ४० किलोहर्ट्झ. या संदेशांत उपकरणाचा पत्ता आणि आज्ञा असे दोन मुख्य भाग असतात. पद्धत किंवा पत्ता चुकला, तर टीव्ही ढिम्म राहतो.

खरी अडचण अशी, की हा संवाद एकतर्फी आहे. टीव्ही बंद झाला की नाही, हे रिमोटला कळत नाही. ते माणसानेच पाहून सांगायचे असते. म्हणून शोध सुरू करताना टीव्ही चालू ठेवावा. रिमोट एकेका संचातली पॉवरची आज्ञा पाठवत जातो आणि पडदा काळा होताच थांबायचे असते. उलट क्रमाने, म्हणजे बंद टीव्हीवर शोध घेतला, तर चित्र उमटायला काही सेकंद लागतात आणि तोवर योग्य कोड मागे पडतो.

पॉवरचे बटण चालले एवढ्यावर कोड पक्का करणे ही सर्रास होणारी घाई आहे. एकाच पत्त्याचे अनेक संच असतात. त्यांत पॉवर आणि आवाज जुळतो, पण मेनू किंवा इनपुट जुळत नाही. तेव्हा ही बटणेही दाबून पाहावीत आणि गरज पडल्यास पुढचा कोड घ्यावा. टीव्हीवरच्या नावाचा कोड लागला नाही, तर दुसऱ्या कंपनीचे कोडही वापरून पाहण्याजोगे असतात, कारण वेगवेगळ्या नावांच्या टीव्हींत एकच मदरबोर्ड असू शकतो.

एसीचा रिमोट सहसा दर वेळी तापमान, मोड, पंख्याचा वेग अशी सगळी स्थिती एकाच लांब संदेशात पाठवतो. त्यामुळे थंडावा सुरू झाला तरी स्विंग आणि टायमर स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

एकही कोड लागत नसेल, तर बटण दाबून रिमोटचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहावे; दिवा लुकलुकताना दिसला, तर निदान संदेश तरी निघतो आहे. ब्लूटूथवर चालणाऱ्या उपकरणांना मात्र हे कोड लागू पडत नाहीत.

एचडीएमआय जोडणीतून टीव्हीच्या उत्पादकाची ओळख मिळते, त्यामुळे काही नवी उपकरणे मोजकेच कोड तपासतात. तरीही ‘आवाज बदलला का?’ असे ती वापरणाऱ्याला विचारतात. लागलेला कोड सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. काही रिमोट सेल काढल्यावर तो विसरतात.