मावेजा आणि ऐवज : एकाच घरातले दोन शब्द

सिल्लोडहून अजिंठ्याचा घाट उतरून जळगावकडे निघालं की एक शब्द वाटेत बदलतो. रस्त्यात जमीन गेलेला सिल्लोडचा शेतकरी विचारतो, ‘मावेजा जमा झाला का?’ घाटाखाली खानदेशात तोच सहसा ‘मोबदला’ म्हणेल. हा मावेजा आला कुठून?

एक तर्क असा की हिंदी वर्तमानपत्रांतला ‘मुआवजा’ अलीकडे मराठीत शिरला. मला तो पटत नाही. हिंदीची लाट असती तर ती आधी हिंदी मुलखाला लागून असलेल्या खानदेशात आणि विदर्भात आली असती. मावेजा मात्र मुख्यतः निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात रुजला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कारभारात फारसीची जागा उर्दूनं घेतली आणि निजामाचा स्वतंत्र भूसंपादन कायदा झाला 1309 फसलीत, म्हणजे 1899-1900 च्या सुमारास. तहसिलीच्या कागदावरूनच हा शब्द गावात उतरला असणार.

मुळाशी गेलो तेव्हा खरा धक्का बसला. अरबीत ‘इवद’ म्हणजे एका वस्तूच्या बदली दिलेली दुसरी वस्तू. त्यातला ‘द’ फारसी-उर्दू तोंडी ‘ज़’ होतो आणि मराठीत ‘ज’. ‘हादिर’चं हजर झालं, ‘अर्द’चा अर्ज झाला, तसाच ‘इवद’चा ऐवज झाला! चोरीच्या बातमीत जो ‘दोन लाखांचा ऐवज’ असतो तो, बदली काम करणारा ‘एवजी’ आणि आपला मावेजा ही एकाच घरातली माणसं. ‘मुआवज़ा’मधला ‘व’ मावेजात ‘वे’ कसा झाला? दख्खनी उर्दूच्या बोलीत तो आधीच ‘वि’कडे झुकला असावा, असा माझा अंदाज आहे.

मोबदलाही अरबीच, ‘बदल’पासूनचा ‘मुबादला’. मुबादला आणि मुआवज़ा एकाच साच्यातले शब्द आहेत, आणि अरबीत हा साचा बहुधा दोन पक्षांनी परस्पर केलेल्या क्रियेचा असतो. तू दे, मी देतो. दोघं राजी, तेव्हाच अदलाबदल. भूसंपादनात तर एक पक्ष राजी नसला तरी जमीन जाते.

ही फट इंग्रजी कायद्यालाही दिसली होती. 1870 च्या आणि पुढं 1894 च्या कायद्यात बाजारभावावर 15 टक्के जास्त द्यायची तरतूद होती आणि कारण स्पष्ट होतं : संपादन सक्तीचं आहे म्हणून. आज निवाड्यात या जादा रकमेला दिलासा रक्कम म्हणतात. माझ्या मते सगळ्या भूसंपादन कायद्यात इतकं प्रामाणिक कलम दुसरं नाही, कारण बाजारभावानं हिशेब फिटत नाही हे सरकार तिथं स्वतः लिहून देतं.

हा इंग्रजी कायदा मराठवाड्यात मात्र उशिरा आला. ऑगस्ट 1947 ते सप्टेंबर 1948 हा मुलूख निजामाचा की भारताचा, यावरच वाद पेटला होता. 17 सप्टेंबर 1948 ला तो मिटला, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. राज्यं बदलली, पण जमीन घेण्याचा कायदा निजामाचाच राहिला. 1894 चा कायदा इथं लागू झाला तो महाराष्ट्राच्या 1964 च्या कायद्यानं. पुढच्याच वर्षी पैठणला जायकवाडीची पायाभरणी झाली.

दिलासा 1984 मध्ये 30 टक्के झाला, 2013 च्या कायद्यानं 100. मधे एक अन्याय घडला. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात 1997 ला केलेल्या दुरुस्तीनं महामार्गात गेलेल्या जमिनीचा दिलासाच काढून घेतला. त्याच गावात धरणात जमीन गेली तर दिलासा, महामार्गात गेली तर नाही! नागपूर सुधार प्रन्यासाच्या 1972 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असा भेद आधीच नाकारला होता. तरीही सर्वोच्च न्यायालयात ही तरतूद घटनाबाह्य ठरायला 2019 उजाडलं.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं मंजूर केलेला 174 किलोमीटरचा जालना-जळगाव रेल्वेमार्ग सिल्लोड तालुक्यातून जाणार आहे. ज्यांचा गट त्यात येतो त्यांना कळकळीची विनंती : निवाडा हाती आला की एकूण आकड्यावर थांबू नका. दिलासा रक्कम वेगळी मांडली आहे का आणि ती पूर्ण 100 टक्के आहे का, हे आधी तपासा.