केळ्याचं साल आणि हजार तबकड्या

दिवाळीत ताईचा मुलगा चार दिवस राहायला आला होता. वय वर्षं सतरा. माझ्या खोलीतल्या एलपींच्या रांगेसमोर मांडी ठोकून बसला आणि एकेक काढून बघायला लागला. मधेच एक रेकॉर्ड वर धरून म्हणाला, "मामा, ही तर तू फोडलेलीच नाहीस!"

खरंच नव्हती फोडलेली. आर.ई.एम. या अमेरिकन बँडचा 'मर्मर' हा १९८३ सालचा अल्बम. वरचं पातळ प्लास्टिक जसंच्या तसं. काही वर्षांपूर्वी परदेशातून चांगले पैसे मोजून मागवला होता. त्यातली गाणी मला पाठ आहेत, पण ती सगळी कॅसेट आणि सीडीच्या कृपेने. ही तबकडी एकदाही प्लेअरवर चढलेली नाही.

"मग घेतलीस कशाला?"

"अरे, फोडली की किंमत उतरते," असं काहीतरी थातुरमातुर उत्तर मी दिलं. त्याने मान डोलावली आणि पुढची रेकॉर्ड काढली. पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न काही गेला नाही. त्याचं हे जरा लांबलेलं उत्तर. (ताई, त्याने मराठी वाचायचा कंटाळा केला तर तूच वाचून दाखव.)

सुरुवात एका केळ्यापासून करावी लागेल.

मार्च १९६७. न्यूयॉर्कच्या 'व्हेल्वेट अंडरग्राउंड' या बँडचा पहिला अल्बम आला. अँडी वॉरहॉलने काढलेलं मुखपृष्ठ: पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक पिवळं केळं, बस्स. सुरुवातीच्या प्रतींमध्ये ते केळं म्हणजे एक स्टिकर होता. हळूहळू सोला आणि बघा, अशी बारीक अक्षरात सूचनाही होती. साल काढली की आत गुलाबी केळं. म्हणजे रेकॉर्ड विकत घेणाऱ्याने काहीतरी करायचं, हात लावायचा, थोडी नासधूस करायची, हे मुखपृष्ठातच ठरलेलं होतं.

अल्बम काही चालला नाही. मागच्या बाजूच्या छायाचित्रात एका नटाचा चेहरा दिसत होता, त्याने पैसे मागितले, आणि कंपनीने त्याला पैसे देण्याऐवजी मुखपृष्ठच बदलायला घेतलं. त्यात वेळ गेला. गाणी अशी की रेडिओवाले लावेनात. ब्रायन ईनो या संगीतकाराने पुढे १९८२ मध्ये याबद्दल केलेलं एक विधान फार प्रसिद्ध आहे. पहिल्या पाच वर्षांत या अल्बमच्या जेमतेम तीस हजार प्रती खपल्या, पण ज्यांनी ज्यांनी घेतला त्या प्रत्येकाने स्वतःचा बँड काढला, अशा अर्थाचं. आकडा पारखून घ्यायला नको, गंमत म्हणून सोडून द्या. पण गाभा खरा आहे, आणि तो आर.ई.एम.च्या गोष्टीत अगदी स्वच्छ दिसतो.

जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथे 'वक्स्ट्री' नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात पीटर बक नावाचा तरुण काउंटरवर काम करायचा. १९८० च्या सुरुवातीला तिथे मायकल स्टाइप नावाचा एक विद्यार्थी रेकॉर्ड घ्यायला येऊ लागला. आणि बकच्या लक्षात आलं की आपण ज्या रेकॉर्ड स्वतःसाठी बाजूला काढून ठेवतो, नेमक्या त्याच हा पठ्ठ्या उचलून नेतोय! पॅटी स्मिथ, टेलिव्हिजन आणि अर्थातच व्हेल्वेट अंडरग्राउंड. दोघांची गट्टी जमली. माइक मिल्स आणि बिल बेरी हे आणखी दोघे विद्यार्थी येऊन मिळाले. ५ एप्रिल १९८० ला एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, राहण्यासाठी वापरात असलेल्या एका जुन्या चर्चमध्ये, चौघे पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभे राहिले.

मला या गोष्टीत नेहमी मजा वाटते ती ही की बँडची सुरुवात वाद्यांपासून झाली नाही, रेकॉर्डच्या खोक्यांपासून झाली. दोन संग्राहक एकाच रेकॉर्डवर टपले आणि त्यातून बँड झाला.

बरं, हे एकट्या अथेन्सचं नाही. लंडनमध्ये जेफ ट्रॅव्हिस नावाच्या माणसाने अमेरिकाभर भटकून स्वस्तात मिळतील तेवढ्या जुन्या रेकॉर्ड गोळा केल्या आणि १९७६ मध्ये त्यांच्या जोरावर 'रफ ट्रेड' नावाचं दुकान टाकलं. दुकानात कोणीही यावं, तासन् तास ऐकत बसावं. बँड काढलेली पोरं स्वतःच्या रेकॉर्ड पिशवीत घालून विकायला आणू लागली. १९७८ मध्ये दुकानाने स्वतःचं लेबल काढलं. मग यॉर्क, लिव्हरपूल, ब्रिस्टल, एडिंबरा वगैरे ठिकाणच्या तसल्याच मंडळींबरोबर हात मिळवून देशभर रेकॉर्ड पोचवायची स्वतःची व्यवस्था उभी केली. मोठ्या कंपन्यांच्या गोदामांना वळसा घालून! ब्रिटनमध्ये ज्याला 'इंडी' म्हणतात आणि अमेरिकेत आधी 'कॉलेज रॉक' आणि मग 'ऑल्टरनेटिव्ह' म्हणू लागले, ते संगीत म्हणजे मुळात एक चाल किंवा ताल नव्हे. रेकॉर्ड कोण छापतो, कोण विकतो, कोण लावतो, याचं ते नाव होतं. अमेरिकेत या रेकॉर्ड लावायची ती कॉलेजांची छोटी रेडिओ केंद्रं.

आता येऊ हजारच्या आकड्याकडे. संग्राहक मंडळींचा हा लाडका आकडा.

मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'ने डिसेंबर १९७६ मध्ये चार गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी काढली. पैसे? घरच्यांकडून आणि मित्रांकडून उसने घेतलेले सुमारे ५०० पौंड. प्रती छापल्या १,०००. आर.ई.एम.ची पहिली सिंगल 'रेडिओ फ्री युरोप' जुलै १९८१ मध्ये 'हिब-टोन' या चिमुकल्या लेबलवर आली. ध्वनिमुद्रण मिच ईस्टर या मित्राच्या आईवडिलांच्या गॅरेजमध्ये थाटलेल्या स्टुडिओत. पहिल्या खेपेच्या प्रती १,०००, आणि त्यातल्या ६०० तर पत्रकार, रेडिओवाले वगैरेंना फुकट पाठवलेल्या.

हजारच का? तर तबकडी छापण्याचा हिशोबच तसा असतो. आधी लाखेच्या थराच्या चकतीवर खाच कोरायची, तिच्यावरून धातूचा साचा काढायचा. हा सुरुवातीचा खर्च पन्नास प्रती काढा नाहीतर हजार, तेवढाच. शंभर प्रती काढल्या तर एकेक भलतीच महाग पडते. दहा हजार काढायला खिशात पैसे नाहीत, आणि विकल्या नाहीत तर आई ओरडणार! हजार हा मधला, परवडणारा आकडा. 'स्क्रिट्टी पोलिट्टी' या बँडने तर १९७८ मध्ये आपल्या पहिल्या तबकडीच्या झेरॉक्स केलेल्या वेष्टनावर अख्खा जमाखर्चच छापला होता. स्टुडिओला किती, छपाईला किती. म्हणजे वाचणाऱ्याने म्हणावं, अरे, एवढंच? मग आपणही काढू की!

थोडक्यात, त्या तबकड्या दुर्मीळ व्हाव्यात असं कुणाच्या मनातही नव्हतं. त्या कमी होत्या कारण पैसे कमी होते. मागणी आली की आणखी छापल्या. 'स्पायरल स्क्रॅच' पुढे १६,००० खपली. आणि 'रेडिओ फ्री युरोप'? तिचा आवाज इतका गढूळ उतरला होता की पीटर बकने वैतागून एक प्रत फोडली आणि तुकडे घराच्या भिंतीला चिकटवून टाकले. आज त्या पहिल्या हजारातली प्रत कुणाला सापडली तर तो ती हातमोजे घालून उचलेल.

यात बदल कधी झाला? माझ्या मते १९८८ हे वर्ष लक्षात ठेवायला हरकत नाही. सिअॅटलच्या 'सब पॉप' या लेबलने त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'सिंगल्स क्लब' सुरू केला. वर्गणी भरा, दर महिन्याला एक तबकडी घरी येईल. पहिली होती एका अनोळखी बँडची, नाव निर्वाणा. प्रती १,०००, प्रत्येकीवर हाताने घातलेला अनुक्रमांक. आकडा तोच, पण अर्थ उलटा. आधी हजार म्हणजे "एवढंच परवडतं". आता हजार म्हणजे "एवढंच मिळेल, त्वरा करा". लेबलची आर्थिक ओढाताण होती, वर्गणीचे पैसे आधी मिळत, त्यामुळे त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. पण वळण ते होतं.

पुढे सीडी आली, मग एमपीथ्री आलं, तबकडी मेली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. छोटी दुकानं धडाधड बंद पडू लागली. ती जगवायला १९ एप्रिल २००८ ला अमेरिकेत पहिला 'रेकॉर्ड स्टोअर डे' झाला, आणि त्यानंतर दरवर्षी त्या दिवसासाठी खास मोजक्या प्रती छापायची पद्धत पडली. दुकानांना त्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत १९८७ नंतर पहिल्यांदाच सीडींपेक्षा तबकड्यांच्या प्रती जास्त विकल्या गेल्या. ४ कोटींच्यावर! पण सकाळी रांगेत उभं राहून घेतलेली तबकडी त्याच संध्याकाळी इंटरनेटवर तिप्पट किमतीला लावणारे महाभागही त्याच दिवसाने जन्माला घातले.

आता संग्राहकांची बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. (आणि मी स्वतःच त्यांच्यातला!) २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात रस्त्यावरच्या जुन्या बाजारात कॅनडाहून आलेल्या एका संग्राहकाने ७५ सेंटला एक तबकडी घेतली. वर हाताने लिहिलेलं व्हेल्वेट अंडरग्राउंडचं नाव. ती निघाली एप्रिल १९६६ ची नमुना-तबकडी, म्हणजे केळ्याच्या अल्बमचा कंपन्यांना ऐकवण्यासाठी केलेला पहिला खर्डा, काही गाणी वेगळ्याच रूपात असलेला. २००६ मध्ये ती २५,२०० डॉलरला विकली गेली. त्या माणसाचा हात त्या खोक्यात गेला नसता तर बहुधा कचऱ्यात गेली असती.

आपल्याकडेही हेच. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारख्यांनी जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांसाठी केवढी खटपट केली. या लोकांनी रद्दीवाल्यांचे आणि जुन्या बाजारांचे उंबरे झिजवले नसते तर आपल्या नाट्यसंगीताचा नि जुन्या गायकीचा किती ठेवा भंगारात गेला असता, कुणास ठाऊक. तेव्हा जपणं हा गुन्हा नव्हे. पण एक फरक आहे. त्यांनी जपलं, लोकांना ऐकवलं, त्याबद्दल लिहिलं, याद्या केल्या. ऐकवण्यासाठी जपलं.

आणि मी? साल न काढलेलं केळं बाळगून बसलोय! आज त्या १९६७ च्या अल्बमची साल शाबूत असलेली प्रत सर्वांत महाग. म्हणजे ज्याने मुखपृष्ठावरची सूचना ऐकलीच नाही, त्याचं धन सगळ्यात मोठं. पण ज्यांनी ती साल काढली, तबकडी घासून घासून ऐकली, ते बँड काढून बसले. आर.ई.एम.ने केळ्याच्या अल्बममधली दोन गाणी पुढे स्वतः वाजवली आणि आपल्या सिंगल्सच्या मागच्या बाजूला घातली. त्यातलं एक तर १९८३ मध्ये 'मर्मर'साठी पुन्हा ध्वनिमुद्रित केलेल्या 'रेडिओ फ्री युरोप'च्याच मागे. पीटर बकने वक्स्ट्रीमधल्या त्या रेकॉर्ड प्लास्टिकमध्ये ठेवून किंमत वाढायची वाट पाहिली असती, तर आज माझ्या कपाटात जपून ठेवायला ही रेकॉर्डच नसती.

असो. उत्तर लांबलं.

परवाच्या रविवारी भाचा पुन्हा आला होता. त्याच्या हातात ब्लेड दिलं आणि म्हटलं, "काप." तो माझ्याकडे बघतच राहिला. "मामा, नक्की?" कडेने हळूच कापलं त्याने. तबकडी बाहेर काढली तर तिला किंचित बाक आलेला. इतकी वर्षं ते प्लास्टिक आवळत गेलं होतं, त्याचा परिणाम. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजले, त्यानेच नुकसान केलं. मी जरा हळहळलो, खोटं कशाला सांगू.

पण सुई टिकली. एकेका फेऱ्याला बोटीसारखी वरखाली होत होती, तरी टिकली. पहिलंच गाणं 'रेडिओ फ्री युरोप'. भाचा कान देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, तो नेमकं काय म्हणतोय? एक शब्द कळेल तर शपथ."

म्हटलं, "अरे, चाळीस वर्षं झाली, अजून कुणालाच धड कळलेलं नाही. दुसऱ्यांदा लाव."

त्याने लावली.