‘पक्वान्न’ शब्दाचा अर्थसंकोच : सोलापूर परिसराच्या संदर्भात

मराठी पंगतीत ‘पक्वान्न काय आहे?’ या प्रश्नाला श्रीखंड, जिलेबी किंवा पुरणपोळी असे उत्तर येते. भाकरी असे येत नाही. व्युत्पत्तीने मात्र भाकरीही पक्वान्नच होय. संस्कृत ‘पच्’ म्हणजे शिजवणे, या धातूचे भूतकाळवाचक रूप ‘पक्व’. प्रत्ययातील ‘त’चा येथे ‘व’ होतो, म्हणून पाणिनीने त्यासाठी स्वतंत्र सूत्र रचले. पक्वान्न म्हणजे शिजवलेले अन्न, आणि त्याच्या विरुद्ध ‘आमान्न’ म्हणजे कोरडा शिधा. श्राद्धविधीत हा दुसरा शब्द अद्याप टिकून आहे. मूळ भेद कच्च्या व शिजलेल्या अन्नाचा होता. साध्या व उंची अन्नाचा नव्हता.

उत्तर भारतात पाण्यात शिजवलेले अन्न ‘कच्चे’ व तुपात केलेले ‘पक्के’ मानले जाई. पक्के अन्न अन्य जातींकडूनही स्वीकारता येत असे. हिंदी ‘पकवान’ शब्दाला तळणाचा अर्थ चिकटला, त्यामागे हा व्यवहार असावा. मराठीत मात्र सण व नैवेद्य यांच्या संबंधाने गोड पदार्थालाच तो मान मिळालेला दिसतो.

या दृष्टीने कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (शके १०५१, इ.स. ११२९) महत्त्वाचा ठरतो. कल्याणी म्हणजे सोलापूरला जवळ असलेले आजचे बसवकल्याण. ग्रंथातील ‘अन्नभोग’ प्रकरणात मंडक, पोलिका, वटक यांच्याबरोबर मासे, रानडुक्कर, कासव, एवढेच नव्हे तर भाजलेले उंदीरही आहेत! राजाच्या भोगात मांस व मिष्टान्न एकाच पंक्तीला बसते. आजचा मराठी भाषक मटणाला, ते कितीही उंची असो, पक्वान्न म्हणणार नाही. मंडकाचे मांडे झाले आणि ‘मनात मांडे खाणे’ या वाक्प्रचारात ते न मिळणाऱ्या सुखाचे प्रतीक बनले. पोलिकेची मराठीत पोळी झाली. कन्नडमध्ये आरंभीच्या ‘प’चा ‘ह’ होत असल्याने ‘होळिगे’ हा शब्दही त्याच कुळातील मानता येतो. सोलापूरच्या द्विभाषिक घरांत दोन्ही नावे ऐकू येतात.

अर्थसंकोचाचा सामाजिक भाग येथेच स्पष्ट होतो. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा प्रदेश. मालदांडी ज्वारीचा ‘एम ३५-१’ हा प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. १८७६-७८ च्या दुष्काळात हा जिल्हा होरपळला. तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामावरील पुरुषाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्य व एक आणा एवढीच होती. त्या धान्याच्या भाकरीवर माणसे तगली, पण पक्वान्नाच्या यादीत तिला जागा नाही. वेळा अमावास्येला सोलापूर, लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील शेतकरी शेतात भज्जी व आंबील करून गावाला जेवू घालतात. वर्षातले हे एक मोठे जेवण. तेथेही ‘पक्वान्न’ हा शब्द फार तर खिरीच्या वाट्याला येतो.