अमेरिकेची नाकाबंदी आणि खानदेशचा कापूस

गटाच्या बैठकीत आम्हाला हटकून विचारतात: भांडतात मोठे देश, मग आपल्या कापसाचा भाव का हलतो? त्यासाठी आज दीडशे वर्षांहून मागे जाऊ. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळा खानदेश एकच होता.

१८६१ साली अमेरिकेत उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं आपसांत लढू लागली. दक्षिणेचा पैसा कापसातून यायचा आणि तो कापूस गुलाम माणसं पिकवायची. एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकाबंदी जाहीर केली. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः याच कापसावर चालत. तिथे लाखो कामगार बेकार झाले. गिरणीतल्या पोरींना शिवणशाळेत बसवत; दिवसभर शिवण शिकायची, तेव्हा थोडी मदत मिळायची.

मग व्यापाऱ्यांची नजर आपल्याकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबईहून बोटीत चढू लागला. तिकडे या सगळ्याला 'सुरती' म्हणत आणि नाक मुरडत. धागा आखूड, सारखा तुटे. जितकं कापड तितकी मजुरी, म्हणून मागावरच्या बाईची कमाई आपल्या कापसाने घटलीच.

इकडे भाव तिपटीहून वर गेला. मुंबईत शेअरचा जुगार रंगला, प्रेमचंद रायचंद यांचं नाव गाजलं. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे खरं. पण धान्यही महागलं, आणि ज्वारी विकत घेऊन खाणाऱ्या मजूर बाईच्या घरी कापूस नव्हता. सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. जमीन तारण होती ना!

१८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला. मुंबईत बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. (त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र अजून उभा आहे.) खेड्यात कर्ज तसंच राहिलं. पुण्याकडे तर सारा वाढला. १८७५ साली सुप्याला आणि पुढे पुणे-नगरच्या गावोगावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. कर्जदार शेतकऱ्यासाठी कायदा आला १८७९ साली, म्हणजे नाकाबंदी उठल्यावर चौदा वर्षांनी.

आता २०२५ चं बघा. भारत रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने ऑगस्टात आपल्या मालावर २५ टक्के जादा कर लावला. आधीचा धरून ५० झाला. इकडे कापडउद्योगाला कापूस स्वस्त मिळावा म्हणून सरकारने बाहेरच्या कापसावरचा ११ टक्के आयातकर १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत माफ केला. शहादा-नंदुरबारचा कापूस घरी येतो तो याच दिवसांत.

तुमच्या गावात त्या हंगामात वेचणीला किलोमागे काय मिळालं, ते गटाच्या वहीत लिहून आणा. पुढच्या वेळी आम्ही इथे तेच वाचून दाखवू.