ऊन लागतं, उष्माघात होतो

नेरळहून कळंबला जाताना वाटेत पोशीर लागतं. तिथे वैशाखात दुपारचं रानातून परतलेलं माणूस अंगणात मटकन बसलं, डोकं धरून ओकलं, की घरचे एवढंच म्हणतात, ‘ऊन लागलं.’ तेच माणूस दगावलं, तर दुसऱ्या दिवशी पेपरात ‘उष्माघाताचा बळी’ ठरतं.

तसे ऊन आणि उष्मा हे एकाच रक्ताचे. संस्कृतात ‘उष्’ म्हणजे जाळणं. त्याच्यापासून उष्ण झालं, प्राकृतात त्याचं उण्ह झालं आणि मराठीत ऊन. उष्णकालाचा उन्हाळा झाला तोही असाच. म्हणून ऊन अंगणात पडतं आणि ताटातला भातही ऊन-ऊन असतो. ‘उष्मा’ मात्र संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला. एक भावंड गावात वाढलं, दुसरं काशीला शिकून परतलं.

‘लागणं’ हे क्रियापद तर फार जुन्या समजुतीचं आहे. नजर लागते, भूत लागतं, तसंच ऊन लागतं. बाहेरचं काही येऊन अंगाला चिकटतं. साध्या डोकेदुखीपासून शुद्ध हरपण्यापर्यंत सगळं त्यात मावतं. (‘उन्हाळी लागणं’ मात्र वेगळं, ती लघवीची जळजळ.) ‘आघात’ आला वैद्यकातून. सुश्रुतसंहितेत पक्षाघात आहेच, त्याच्याच वळणावर उष्माघात झाला.

इंग्रजी ‘सनस्ट्रोक’मध्येही फटकाच आहे, पण तो सूर्याचा. साहेबाला सूर्याचंच भय. किरण कवटीतून थेट मेंदूत शिरतात या समजुतीनं त्यानं पाणथळीतल्या शोला झाडाच्या भेंडाची टोपी घातली, मानेवर पडदा सोडला, कुणी पाठीच्या कण्यावरही गादी बांधली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी ती टोपी सोडली, तरी किरणांनी कुणाची कवटी फुटली नाही.

इथे मराठी शब्द मला सरस वाटतो. उष्माघात सूर्याचं नावही घेत नाही. वीटभट्टीच्या धगीशी राबणारा कातकरी, पत्र्याच्या शेडखाली शिवणयंत्र चालवणारी बाई, यांच्यावर ऊन पडत नसलं तरी घात होऊ शकतो. कर्जत तालुक्यात राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतो, त्याची कापणी ऐन उन्हाळ्यात येते. तिथे तर ऊन आणि उकाडा दोन्ही.

उकाड्याचं काय ते १६ एप्रिल २०२३ ला रायगडातल्याच खारघरनं दाखवलं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो श्रीसदस्य, म्हणजे पुरस्कार घेणाऱ्यांचे अनुयायी, उघड्या मैदानावर तासन्‌तास बसले होते. सरकारी आकड्यानुसार चौदा जण गेले. पारा होता ३८ अंशांच्या आसपास. कर्जतकराला तो आकडा विशेष वाटायचा नाही. पण हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. हवामान खातंही म्हणून उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशाला ४० अंशांची अट लावतं, किनाऱ्याला ३७ ची. खारघरनंतर सरकारनं दुपारी बारा ते पाच उघड्यावर सरकारी कार्यक्रम घ्यायचे नाहीत असं ठरवलं. शेतमजुराची दुपार त्यात येत नाही.

नावाचा फरक उपचारात जाणवतो. ऊन लागलं म्हणून सावलीत निजवतात, कांदा फोडून हुंगवतात, कैरीचं पन्हं देतात. थकवा असेल तर पन्ह्यानं बरंच वाटतं. मीठ, साखर आणि पाणी तिन्ही पोटात जातं. कांद्याबद्दल मी फारसं बोलणार नाही. पण अंगातला ताप ४० अंशांपलीकडे गेला, माणूस बरळू लागला, ओळख विसरला, की ते नुसतं लागणं उरत नाही. तेव्हा कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर पन्ह्याचा पेला तोंडाशी नेऊ नये. ते श्वासनलिकेत जातं.