सरधन्याची योहाना

कॅथलिक श्रद्धेत बाप्तिस्मा एकदाच होतो. आत्म्यावर उमटणारी त्याची मुद्रा अमिट मानली जाते. दिल्लीनजीकच्या सरधना जहागिरीची स्वामिनी बेगम समरू हिने १७८१ मध्ये आग्र्यास हा संस्कार घेऊन ‘योहाना’ हे नाव धारण केले. युरोपीय सहचर वॉल्टर राइनहार्ट १७७८ मध्ये निवर्तल्यावर त्याची फौज तिच्याकडे आली होती. त्यामुळे हे धर्मांतर श्रद्धेपोटी की राजकारणापायी, असा प्रश्न उपस्थित होतो. पागोटे, हुक्का व मोगली दरबारी रीत तिने सोडली नाही. १८०३ मध्ये असईस तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या. तथापि चर्चच्या शिकवणीप्रमाणे मुद्रा हेतूच्या शुद्धतेवर अवलंबून नसते. फळ मात्र पुढील आयुष्यात दिसावे लागते. १८२२ मध्ये सरधन्यात पूर्ण झालेले भव्य चर्च, जेथे १८३६ मध्ये तिचे दफन झाले, तेच तिचे उत्तर होय.